आण्णांच्या मागचे दोन स्पीकर

आवाजाचीही किळस येऊ शकते हे मला जिनूआण्णांनी दाखवलं. त्याआधी किळस म्हणजे गटार, उलटी, भातात निघालेला केस, एवढंच मला माहीत होतं.

कराडला डिप्लोमा करून मी सांगलीत विश्रामबागेतल्या त्यांच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागलो, तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि आण्णा चाळिशीला आले होते. पूर्ण नाव जिनगोंडा चौगुले, पण सगळे जिनूआण्णाच म्हणत. पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकानं दुरुस्तीला दिलेले दोन छोटे स्पीकर जोडून मी गाणं लावलं. आण्णा आतून बाहेर आले. चेहरा असा, की जणू तोंडात माशी गेली आहे.

"बंद कर रं ते. ओकारी येती."

"काय झालं आण्णा? चालतंय की."

"चालतंय? पत्र्याच्या डब्यात भुंगा कोंडल्यागत वाजतंय, आन म्हणं चालतंय. हा शब्द माझ्या दुकानात पुन्हा काढू नकोस."

हा माणूस विक्षिप्त आहे असं मी घरी आईला सांगितलं. आज मी शेहेचाळीस वर्षांचा आहे. साताऱ्यात माझं स्वतःचं दुकान आहे. कॅमेरे बसवतो, प्रिंटरमध्ये शाई भरतो, हॉलमध्ये स्पीकर लावून देतो. आण्णांबद्दल लिहायचं बरेच महिने मनात होतं. लिहिताना त्यांच्याविषयी जेवढं येईल तेवढंच माझ्याविषयीही येणार, आणि त्यात माझी काही शोभा नाही. म्हणूनच आजवर टाळत होतो.

दुकानात येणारे कॉम्प्युटर उघडले की आत काय काय निघे. गुटख्याचे शिंतोडे, पालीची अंडी, झुरळांचं अख्खं कुटुंब, एकदा तर वाळून पापड झालेला उंदीर. मला मळमळायचं. आण्णा मात्र शांतपणे बाह्या दुमडून ब्रश घ्यायचे. जिवंत झुरळ असलं तर कागदावर घेऊन मागच्या भिंतीवर सोडायचे. जैन घरातला माणूस, मारणार कसा? मी नाक धरून उभा असलो की म्हणायचे, "ही घाण आपसूक येती गड्या. तिचा काय दोष? माणूस मुद्दाम करतो त्या घाणीला नाक धर."

मुद्दाम केलेली घाण म्हणजे काय, ते मला इस्लामपूरला कळलं.

तिथं साखर कारखान्यातले एक अधिकारी होते. त्यांनी दुसऱ्या कुणाकडून कॉम्प्युटरला चार स्पीकरचा संच लावून घेतला होता. दोन पुढं, दोन खुर्चीच्या मागं. साहेबांना गेमचा नाद. पण गेममध्ये गोळी मागून आली तरी समोरूनच आल्यासारखी वाटते, अशी त्यांची तक्रार. आण्णांनी मला बरोबर नेलं. ते खुर्चीवर बसले, डोळे मिटले, अर्धा मिनिट ऐकलं आणि उठून सरळ कॉम्प्युटरच्या मागं गेले. तिथं एक छोटी काळी वायर होती. एका टोकाला एक पिन, दुसऱ्या टोकाला दोन भोकं. आमच्या धंद्यात तिला वाय-पिन म्हणतात. पुढच्या स्पीकरचाच आवाज दोन वाटा करून मागच्यांना द्यायचा, की झालं. चारी स्पीकर वाजतात, गिऱ्हाईक खूश. मागच्या आवाजाची खरी जागा, कॉम्प्युटरचा आवाज काढणाऱ्या साउंड कार्डावरचं दुसरं भोक, रिकामंच होतं.

आण्णांनी ती वायर दोन बोटांत शेपटीला धरल्यासारखी उचलली.

"साहेब, पुढच्यांच्या ताटातलं उष्टं मागच्या पंगतीला वाढलंय."

"पण चारी वाजत होते की हो!"

"वाजायला काय, रिकामा डबा बी वाजतो."

त्यांनी खरी जोडणी करून दिली. परत येताना एस.टी.त माझी चेष्टा सुरू झाली. "दत्त्या, तू लावशील का रं असली वायर?" मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "मेलो तरी नाही." आण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मरू नको. फक्त लावू नको."

त्यांची आणखी एक खोड होती. कुठल्याही नव्या खोलीत शिरले की आधी एक टाळी वाजवायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. खोली कशाची आहे, उंच किती, पडदे आहेत की नाहीत, हे त्यांना त्या टाळीतून कळायचं. थोरल्या मुलीसाठी, पद्मासाठी, मिरजेला स्थळ बघायला गेले तिथंही त्यांनी हेच केलं. मुलाची आई पाण्याचे पेले घेऊन येत होती, ती दचकून तिथंच थांबली.

"काय झालं हो पाहुणं?"

"काही न्हाई. तुमच्या हॉलला लय फरशी लावलीया. माणूस बोलला की आवाज घसरून पडतोय."

पद्माच्या आईनं कपाळावर हात मारला. परत येताना रिक्षात ती बोलली, "आवं, मुलगा बघायला गेलतो आपण, का भिंती?" आण्णा म्हणाले, "मुलगा बरा हाय. टीव्हीचा आवाज मात्र किळसवाणा." लग्न तिथंच झालं, आणि लग्नात आण्णांनी जावयाला जाड पडदे दिले.

ते सूर्यास्ताआधी जेवायचे. साडेपाचला दुकानाचं शटर अर्धं ओढून घरी जात, जेवून, तोंड धुऊन सातच्या आत परत येत. त्यानंतर दुकानात कुणी भजी आणलेली त्यांना खपत नसे. म्हणायचे, "पोटाचं काम मिटलं. आता कानाचं." मग शटरच्या आतल्या बाजूला ते आपला खास कॉम्प्युटर सुरू करायचे. एक जुनं, लांबलचक साउंड कार्ड, चार स्पीकर आणि एक गेम. त्या गेममध्ये एक चोर जुन्या किल्ल्यातून, भुयारांतून, पहारेकऱ्यांना चुकवत फिरतो. मारामारी फारशी नाही. नुसतं ऐकत ऐकत पुढं जायचं.

पहिल्यांदा त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि डोळे मिटायला लावले. मागं डाव्या बाजूला पाण्याचा थेंब पडला. मी खरंच वळून बघितलं. दुकानातला नळ गळतोय असं वाटलं मला.

"वळलास न्हवं?" आण्णांना एवढं हसताना मी क्वचित पाहिलं. "मग खरं. आता ऐक, चोर दगडी भुयारातनं लाकडी खोलीत शिरणार. पावलं ऐक."

पावलं बदलली. भुयारात त्यांना लांब शेपूट होतं, लाकडी खोलीत ती लगेच विझत होती. गेम फक्त एवढं सांगायचा, की इथं दगड आहे, इथं लाकूड आहे, पहारेकरी अमुक बाजूला आहे. बाकीचं गणित ते कार्ड करायचं. आण्णांना हे माणसानं केलंय याचंच अप्रूप होतं. "देवळात टाळी वाजवून जे कळतं ते कुणीतरी बसून यात घातलंय रं. कोण असल ते? लय प्रामाणिक माणूस असल."

पुढं कॉम्प्युटरच्या नव्या सिस्टीम आल्या आणि त्यांनी ही वाटच बंद केली. गेम चालायचे, चित्र दिसायचं, पण गेम कार्डाशी सरळ बोलू शकत नव्हता. मागचा आवाज, दगड, लाकूड, सगळं गेलं. गेमच्या सेटिंगमध्ये ज्या चौकटीत खूण करायची ती राखाडी होऊन बसली. कितीही क्लिक करा, ढिम्म. आण्णांनी एकदा नवी सिस्टीम टाकून पाहिली आणि त्याच संध्याकाळी काढून टाकली. "चव गेलेल्या माणसाला जेवायला बसवल्यागत झालं," म्हणाले, आणि खरोखरच चूळ भरून आले. आपल्या कॉम्प्युटरवर त्यांनी जुनीच सिस्टीम ठेवली. लोक लॅपटॉप घ्यायला लागले, चार स्पीकर कुणाला नको झाले, आणि मी त्यांना सोडून साताऱ्याला आलो.

साताऱ्यात पहिल्याच दिवाळीत मी वाय-पिन लावली. गिऱ्हाईक घाईत होतं आणि मीही. मग दुसरी लावली. मग ती पिशवीत कायमची आली, स्क्रूड्रायव्हरसारखी. प्रत्येक वेळी मनात थोडं कडवट व्हायचं, आणि प्रत्येक वेळी थोडं कमी व्हायचं. शेवटी काहीच होईनासं झालं.

आण्णांना काचबिंदू झाला. नजर कडांकडून आत आत आटत गेली. दुकान बंद केलं. पद्माची आई वारली, तेव्हा पद्मा आणि जावई मिरजेहून त्यांच्याजवळ राहायला आले. मी वर्षातून एकदा जायचो. शेवटची थोडी नजर शिल्लक होती तेव्हाच आण्णा डोळे मिटून गेम खेळायला लागले होते. "सवय करतोय," म्हणायचे. किल्ल्याचा कोपरा न् कोपरा त्यांना पाठ होता. नजर पूर्ण गेली तरी ते खेळत राहिले. एका भेटीत मी विचारलं, "आण्णा, अजून कंटाळा नाही आला त्याच त्याच किल्ल्याचा?"

त्यांनी कीबोर्डवरचं बोट उचललं. मग म्हणाले, "संडासला जायचं तरी पद्मा हात धरती. देवळात जावई धरतो. रस्त्यात तर अनोळखी माणूस बी धरतंय, न इचारता. माया हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पण त्या किल्ल्यात मी एकटा चालतो, दत्त्या. तेवढीच जागा ऱ्हायलीया."

गेल्या वर्षी उन्हाळ्यात तो कॉम्प्युटर मेला. मदरबोर्डच फुगून गेला होता. जावयानं हौसेनं नवा आणला, पण नव्यात ते लांबलचक कार्ड बसायला जागाच नव्हती आणि सिस्टीमही नवी. गेम चालू झाला, पण सगळा आवाज समोरून. आण्णा पहिल्या भुयारातच भिंतीला धडकत राहिले. पद्माचा फोन आला, "दत्तादादा, तुम्हीच या. ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत."

मी रविवारी गेलो. यावर उपाय आहे हे मला माहीत होतं. एक छोटी फाइल मिळते. ती गेमच्या फोल्डरमध्ये टाकली की ती मधल्या दुभाष्याचं काम करते. गेमची जुनी भाषा ऐकते आणि कार्डाचं गणित स्वतः करून चार स्पीकरना वाटून देते. मी ती टाकली. चौकट राखाडीच. दुसऱ्या जागेवरून आणखी एक फाइल उतरवली. राखाडीच. कॉम्प्युटर बंद-चालू केला, सेटिंग उलटसुलट केलं. आण्णा शेजारी हात मांडीवर ठेवून बसले होते, परीक्षेला बसलेल्या मुलाच्या बापासारखे. दोन तास गेले. कराडहून एका मंगल कार्यालयाच्या मालकाचे फोनवर फोन येत होते. दुसऱ्या दिवशी लग्न आणि त्यांचे कॅमेरे बंद.

"कोण रं सारखं?" आण्णांनी विचारलं.

"गिऱ्हाईक आहे. कराडचं."

"मग जा की. मी काय पळून जातोय?"

मी जायला हवं होतं. पुन्हा येतो म्हणून उठायला हवं होतं. पण पुन्हा म्हणजे पुन्हा एक रविवार. माझा हात पिशवीत गेला. आण्णा माझ्यापासून हातभर अंतरावर होते, तोंड माझ्याकडेच होतं, आणि मी त्यांच्या तोंडासमोर ती वायर लावली. आंधळ्या माणसासमोर हे करताना मी श्वास रोखून धरला होता, तेही आठवतं.

"घ्या आण्णा. मागचे बोलायला लागले."

त्यांनी दोन्ही तळवे कानांमागं धरले आणि ऐकलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. वीस वर्षं त्या चेहऱ्यावरची किळस मी ओळखत होतो. नाकपुडी आधी उचलली जायची, मग वरचा ओठ. काहीच हललं नाही. त्यांनी हात खाली घेतले.

"चालतंय," आण्णा म्हणाले.

त्यांनी आपणहून म्हटलेला हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. पद्मानं चहा दिला, तो मी उभ्यानंच प्यालो. कराडच्या रस्त्यावर माझ्या तोंडाला एक चव आली होती, जुन्या बॅटरीला जीभ लावल्यासारखी. ढाब्यावर थांबून मी तीनदा चूळ भरली. जाईना.

त्यानंतर मी त्यांचा फोन घेणं टाळलं. खरं तर त्यांनी केलाही नाही. पद्माचा एकदा येऊन गेला तो मी उचलला नाही. दिवाळीला गेलो नाही. मनाला सांगत राहिलो, की म्हाताऱ्या माणसाला काय कळतंय, खेळत असतील मजेत. हे वाक्य इथं लिहिताना मला माझीच शिसारी येते, पण मी ते मनात म्हटलं होतं आणि एकदा नव्हे.

थंडीत पद्माचा पुन्हा फोन आला. या वेळी उचलला.

"दादा, आण्णा कॉम्प्युटरवर बसतच नाहीत हो आता. कापड टाकून ठेवायला सांगितलंय. दिवसभर नुसते पलंगावर."

"का? बिघडला का?"

"तसं नाही म्हणत. मी विचारलं, तर म्हणतात, दत्त्यानं चांगलं करून दिलंय, त्याला काय बोलू नको, मलाच कंटाळा आला. तुम्ही आलात तर बघा जरा, बोला त्यांच्याशी."

मी दुकानाचं शटर भर दुपारी ओढलं. तोच गेम माझ्या कॉम्प्युटरवर चढवला, चार स्पीकर फळीवरून काढून मांडले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चूक सापडायला वीस मिनिटंही लागली नाहीत. गेमच्या फोल्डरच्या आत आणखी एक फोल्डर होता आणि खरा गेम तिथून चालू होत होता. मी फाइल बाहेर टाकली होती. ती आत टाकायची होती. दुभाष्याला मी अंगणात उभा केला होता आणि बोलणी माजघरात चालली होती. फाइल आत सरकवली. राखाडी चौकट काळी झाली, खूण बसली. माझ्या पाठीमागं भुयारात कुणीतरी खोकलं. मी काउंटरवर डोकं ठेवून बसलो. एवढंसं काम होतं. एवढ्याशा कामासाठी मी एका माणसाची चालायची जागा सहा महिने काढून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांगलीत होतो. आण्णा त्यानंतर तीन महिन्यांनी झोपेतच गेले. मला निरोप उशिरा मिळाला, मी अंत्ययात्रेला पोचलो नाही. त्यामुळे ती सकाळ हीच माझी त्यांची शेवटची भेट.

आण्णा पलंगावर भिंतीकडं तोंड करून बसले होते. मी न बोलता कापड काढलं, कॉम्प्युटरच्या मागं गेलो, वायर उपटली, मागच्या स्पीकरची पिन तिच्या खऱ्या भोकात बसवली. फाइल आतल्या फोल्डरमध्ये टाकली. मग म्हणालो, "आण्णा, या."

"कशाला? चालतंय की ते."

"नाही चालत. या."

माझ्या खांद्यावर हात ठेवून ते आले. खुर्चीत बसले. बोटांनी कीबोर्ड चाचपला.

"ती वायर काढलीस न्हवं?"

माझा निर्लज्जपणा बघा, मी विचारलं, "कुठली?"

"पिशवीतली."

"काढली." मग मी म्हणालो, "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"मी आंधळा झालोय रं. गिऱ्हाईक न्हाई झालो."

"मग बोलला का नाहीत? दोन शिव्या तरी द्यायच्या."

"तुला कराडला जायचं हुतं."

एवढंच. त्यात टोमणा नव्हता, तो असता तर त्याच्या निमित्तानं तरी मी रडलो असतो. मी गेम सुरू केला. भुयार आलं. साताऱ्याची पहिली दिवाळी, पिशवी, न उचललेले फोन, सगळं एकदाचं सांगून टाकायचं होतं.

"आण्णा, मला तुम्हाला एक—"

"गप."

"माझं ऐका तरी."

"दत्त्या, उजवीकडं दार उघडलंय कुणीतरी. गप बस."

त्यांची मान तिरकी झाली. नाकपुड्या फुलल्या होत्या, पण किळसेनं नाही. त्यांनी एक बोट दाबलं आणि स्पीकरमधून पावलं निघाली, दगडावरची, लांब शेपटाची. टेबलाखाली आण्णांचे अनवाणी पाय फरशीवर त्याच लयीत हलत होते. उजवा, डावा, थांबून, पुन्हा उजवा. पद्मा पोह्यांची ताटली घेऊन आली. भुयारात वळताना आण्णा खुर्चीत जरा कलले, तसा सवयीनं तिनं दंड धरायला हात पुढं केला. मी तिचं मनगट पकडलं. आण्णा आपणच सावरले आणि कोपरा वळून पुढं गेले.